गंगापूर धरणाच्या पाणलोटात घराची सेप्टिक टाकी बांधताना

नाशिक शहर ज्या गंगापूर धरणाचे पाणी पिते, त्याच्या वरच्या अंगाला सावरगाव, गंगाव्हरे, बेझे या भागांत बंगले आणि शेतघरे उभी राहत आहेत. जेथे गटारवाहिनी पोहोचलेली नाही, तेथे घराचे सांडपाणी आवारातच जिरवावे लागते. अशा ठिकाणी घर बांधणाऱ्याने एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी: सेप्टिक टाकी पाणी शुद्ध करत नाही. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू व नत्र शिल्लक राहतातच. रोगजंतू अडवण्याचे काम मुख्यतः शोषखड्ड्याभोवतीची, म्हणजे टाकीतून आलेले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याभोवतीची, माती करते. म्हणून सगळा खर्च टाकीवर करायचा आणि शोषखड्डा गवंड्याच्या मर्जीवर सोडायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत निदान पिण्याच्या पाण्याच्या उगमाकडे तरी चालता कामा नये.

आपली जागा महापालिकेच्या, त्र्यंबकेश्वर नगरपरिषदेच्या की नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येते, हे प्रथम पाहावे आणि परवानगीसाठी दिलेल्या नकाशावर टाकी व शोषखड्डा दोन्ही मापांसह दाखवावेत. २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आणि सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये मापे व अंतरे दिलेली आहेत. जागा नदीकाठी असेल, तर जलसंपदा विभागाने ठरवलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा (पुराचे पाणी कोठवर येते ते दाखवणाऱ्या रेषा) नकाशावर असाव्यात. टाकीचे पाणी नाल्यात सोडण्याचा विचारही करू नये, कारण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ नुसार ओढा, नदी किंवा विहिरीत घाण सोडण्यास मनाई आहे. रिसॉर्ट चालवायचे असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही घ्यावी लागते.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावा. गवंडी फुटांत मोजतो, म्हणून त्याला साठ फूट आणि वीस फूट असे सांगावे, आणि टेप आपल्या विहिरीच्या कठड्यापासून लावून झाल्यावर शेजाऱ्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासूनही लावावी. ही अंतरे किमान आहेत; उताराच्या जमिनीवर विहीर खालच्या बाजूला असेल, तर माझ्या मते त्याहून बरेच लांब जावे.

यानंतरचा प्रश्न जमिनीचा, आणि नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात तोच सर्वांत अवघड आहे. खड्ड्याच्या जागी अपेक्षित खोलीपर्यंत एक लहान भोक खणावे, रात्रभर पाणी मुरवून माती पूर्ण भिजू द्यावी, दुसऱ्या दिवशी १५ सेंटिमीटर पाणी भरून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. तीस मिनिटांच्या आत उतरली, तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ मिनिटे लागली, तर उथळ शोषचर, म्हणजे पाणी मुरवणारे लांबट चर, घ्यावेत. त्याहून अधिक वेळ लागत असेल, जसा चिकट काळ्या मातीत लागतो, तर गाळणी टाकीसारखा वेगळा उपाय अभियंत्याकडून आखून घ्यावा. पाणी झटकन उतरले म्हणून मात्र खूश होऊ नये. मुरमाखाली भेगाळलेला काळा दगड लागला, तर सांडपाणी मातीत न गाळले जाता त्या भेगांतून थेट विहिरीपर्यंत जाऊ शकते, आणि म्हणूनच भेगाळ खडकात शोषखड्डा करू नये असे मानक सांगते. भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत असेल, तरीही शोषखड्डा योग्य नाही. त्र्यंबकच्या बाजूला श्रावणात विहिरी काठोकाठ येतात, त्यामुळे मे महिन्यात घेतलेली पाण्याची पातळी येथे उपयोगाची नाही. पावसाळ्यातली पातळी गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारून घ्यावी.

टाकीचे माप त्यामानाने सोपे आहे. रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, क्षमता किमान १००० लिटर आणि लांबी रुंदीच्या दोन ते चार पट असावी. पाच माणसांच्या घराला १.५ मीटर लांब व ७५ सेंटिमीटर रुंद टाकी पुरते. सुट्टीत पाहुणे भरपूर येत असतील, तर दहा माणसांचा हिशेब धरावा. तळ आणि भिंती आतून प्लास्टर करून पाणी न झिरपणाऱ्या कराव्यात, वायुनळीच्या तोंडाला डासांची जाळी लावावी आणि पन्हाळीचे पाणी टाकीत सोडू नये, कारण पहिल्याच जोराच्या पावसात तळाचा मैला उसळून शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा बुजतो.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी, आणि तीही यंत्राच्या गाडीनेच. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे; आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणाराही वाचत नाही. गाडी ठरवतानाच मैला कोणत्या प्रक्रिया केंद्रात रिकामा होणार हे विचारून पावती मागावी. जो गाडीवाला याचे उत्तर देत नाही, त्याला काम देऊ नये, कारण तो मैला रात्री धरणाकडे वाहणाऱ्या एखाद्या ओहोळात ओतला जाण्याचा धोका राहतो.