घाटमाथ्याच्या अलीकडचे घर : सोलापूरहून निघण्यापूर्वीची तयारी

मार्च संपता संपता सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि निवृत्तीला आलेल्या घराघरांतून डोंगरातल्या एखाद्या लहान, परवडणाऱ्या गावी राहायला जाण्याचा विषय निघतो. आम्ही उभयतांनी या विषयाला दोन वर्षे दिली, वहीत नोंदी केल्या, काही चुका केल्या आणि त्यातून जी तयारी हाती आली ती येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी उंचीचा हिशेब करावा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, आणि दर हजार मीटर उंचीमागे हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंडावते. त्यामुळे जवळपास १३०० मीटरवरच्या पाचगणीत पाच-सहा अंशांचा उतार मिळतो. वाई मात्र पायथ्याला सातशे मीटरच्या आसपास असल्याने तिथे उंचीमुळे मिळणारा फरक दोन अंशांच्या आतच राहतो. वाईत घर स्वस्त मिळाले म्हणून ते डोंगरातले घर समजू नये.

उंचीनंतर पाऊस, आणि आम्हां सोलापूरकरांची खरी गफलत इथेच होते. सातशे मिलिमीटरच्या आत आवरणाऱ्या पावसाची ज्यांना सवय, त्यांना महाबळेश्वरचा साडेपाच हजार मिलिमीटरच्या वरचा किंवा आंबोलीचा सात हजारांच्या आसपासचा पाऊस कागदावर वाचून कळत नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पूर्वेकडे प्रत्येक कोसाला पाऊस घटत जातो. महाबळेश्वरपासून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. म्हणून माझे स्पष्ट मत असे की कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाने ऐन माथ्यावर न जाता माथ्याच्या अलीकडे, पूर्वेच्या अंगाला थांबावे : महाबळेश्वरऐवजी पाचगणीचा, गगनबावड्याऐवजी पन्हाळ्याचा, आंबोलीऐवजी आजऱ्याचा विचार करावा. शिवाय माथ्यावरच्या नामांकित ठिकाणांपेक्षा अशा ठिकाणी भाडेही बऱ्याचदा आवाक्यातले निघते.

हे मत आम्ही अनुभवाने बनवले आहे. पहिली पाहणी आम्ही डिसेंबरात केली, गाव फार आवडले आणि आगाऊ रक्कम देण्याच्या बेतात होतो. पत्नीच्या आग्रहाने ती न देता जुलैत त्याच घरात आठ दिवस राहिलो. सोलापुरी चादर आठ दिवस वाळली नाही, सोबत नेलेले मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे पीठ पाचव्या दिवशी कुबट झाले आणि कपाटातल्या कागदपत्रांना बुरशी धरली. घरमालकांनी ‘थोडी ओल असते’ एवढेच सांगितले होते. तेव्हा कोणतेही घर जुलैत एकदा आणि मे महिन्यात एकदा पाहिल्याशिवाय नक्की करू नये. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत हाताने चाचपून पाहावी, छपराला कौले आहेत, पत्रा आहे की स्लॅब हे विचारावे, आणि शेजारी भिंती गवताने किंवा प्लास्टिकच्या कागदाने झाकत असतील तर आपल्यालाही दर जूनला तो खर्च आहे असे धरावे.

पाण्याची चौकशी करायला सोलापूरकराला शिकवावे लागत नाही; चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी साठवण्यात आपली हयात गेली आहे. तरीही इतका पाऊस पडणाऱ्या गावात पाण्याची ददात नसेल, हा समज सोडून द्यावा. डोंगरावरचे पाणी उतारावरून निघून जाते, आणि मे महिन्यात पर्यटकांची गर्दी असतानाच साठा तळाला गेलेला असतो. महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही गावे वेण्णा तलावावर अवलंबून आहेत, हे ध्यानात ठेवून नळ मे महिन्यात किती दिवसांनी येतो, टँकर कितीला पडतो आणि घराची टाकी किती लिटरची आहे, हे तीन आकडे शेजाऱ्यांकडून घ्यावेत, दलालाकडून नव्हे.

यानंतरची बाब जिवाची आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिन्ही घटना जुलैतल्या, सलग मुसळधार पावसानंतरच्या. सपाटीवर राहिलेल्या आपल्यासारख्यांना घरामागचा डोंगर हा देखावा वाटतो, म्हणून त्याच्याकडे जाणीवपूर्वक पाहावे लागते. घरामागे डोंगर उभा कापला आहे का, संरक्षक भिंतीला पाणी जायला भोके ठेवली आहेत का, उतारावरची झाडे वाकली आहेत का, जमिनीला भेगा आहेत का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते का, हे गावातल्या वयस्क माणसाला सोबत घेऊन पाहावे. रस्त्याचेही तसेच. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचून गडावरची वाहतूक बंद पडली होती, त्यामुळे एकच रस्ता असलेल्या गावी राहायचे तर दोन आठवड्यांचे धान्य आणि महिन्याची औषधे घरात असलीच पाहिजेत.

औषधांवरून दवाखान्याकडे येतो. सोलापूर हे वैद्यकीय सोयींचे शहर आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येथे येतात, त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञ रिक्षाच्या अंतरावर असणे आपल्याला स्वाभाविक वाटते. डोंगरगावी तसे नसते. पन्हाळ्याहून कोल्हापूर सुमारे वीस किलोमीटर आहे, आणि आम्ही पन्हाळ्याला वरचा क्रम दिला तो मुख्यतः याच कारणाने. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून, वाईमार्गे साताऱ्याला पोहोचायला जो वेळ लागतो तो धुक्याच्या रात्री एकदा प्रत्यक्ष मोजावा.

कागदपत्रांत घाई नको. शेतकरी नसलेल्या माणसाला १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यानुसार परवानगीविना शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे ‘फार्महाऊस प्लॉट’ दाखवला गेला तर सातबारा, फेरफार आणि अकृषिक परवानगी पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि पन्हाळ्यावर संरक्षित स्मारकांपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, त्यापुढील दोनशे मीटर परवानगीच्या अधीन आहे. हे निर्बंध योग्यच आहेत. ते नसते तर ही गावे राहण्याजोगी उरली नसती.

आम्ही म्हणूनच पहिले वर्ष भाड्याने काढायचे ठरवले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांचाच करार आहे म्हणून ती टाळू देऊ नये. एक अट मात्र आवर्जून घालावी : दिवाळीत, नाताळात किंवा उन्हाळी सुटीत पर्यटकांसाठी खोल्या रिकाम्या करून मागता येणार नाहीत. स्वस्त भाड्यामागे पुष्कळदा हीच अपेक्षा दडलेली असते.

सामान थोडे न्यावे. कूलर इथेच ठेवावा, लाकडी कपाटाऐवजी लोखंडी घ्यावे, पीठ महिन्याचे न दळता आठवड्याचे दळावे, शेंगाचटणी काचेच्या बरणीत घट्ट झाकणाने ठेवावी. आणि सोलापूरचे घर वर्षभर तरी विकू नये, भाड्यानेही देऊ नये; एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी आणि त्यांना महिन्यातून एकदा मोरीत पाणी ओतायला सांगून ठेवावे.