विमानात काम करायचं असेल तर तयारी आदल्या संध्याकाळची

नोकरीत नव्याने प्रवास सुरू झाला की सगळ्यात आधी वेळेचा हिशेब चुकतो. पुणे–दिल्ली विमान वेळापत्रकात साधारण सव्वादोन तासांचं दिसतं आणि मन लगेच दोन तासांचं काम ठरवून मोकळं होतं. तेवढा वेळ हाती लागत नाही. दार बंद झाल्यापासून उड्डाणापर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत आणखी दहा-पंधरा, आणि उतरण्याआधी पंचवीस-तीस मिनिटं लॅपटॉप पुन्हा बॅगेत. मध्ये खाण्याची ट्रॉली येते, शेजारच्याला उठायचं असतं. पुणे–दिल्लीला कामाचा एक तास धरा. मुंबई–बेंगळुरूला पाऊण तास. त्याहून जास्त मिळाला तर आनंद, पण क्लायंटला शब्द देताना तो वेळ मोजू नका.

मोबाइल आणि टॅबचं वेगळं आहे. फ्लाइट मोडवर ठेवून ते उड्डाण आणि उतरण्याच्या वेळीही वापरायची परवानगी भारतात 2014 पासून आहे. म्हणून वाचायचे पीडीएफ फोनमध्ये आणि लिहायचं काम लॅपटॉपवर, अशी वाटणी केली की सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा-अर्धा तास वाया जात नाही.

आता ज्यात बहुतेक नवे लोक अडकतात ती गोष्ट. ती जरा लांबवूनच सांगणार आहे, कारण वर गेल्यावर कळलं तर तिच्यावर काहीही उपाय उरत नाही.

लॅपटॉपवर फाइल दिसते म्हणजे ती लॅपटॉपमध्ये आहेच असं नाही. ऑफिसच्या मशीनवर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइल साठवायची ऑनलाइन सेवा, असतं आणि जागा वाचवायला ते फाइलचं फक्त नाव इथे ठेवतं, मजकूर सर्व्हरवर. नावापुढची खूण पाहायची सवय लावा. ढगाचं चित्र असेल तर फाइल तुमच्याकडे नाही. पांढऱ्या वर्तुळात हिरवी टिक असेल तर आत्ता आहे, पण डिस्क भरत आली की विंडोज ती परत वर पाठवू शकतं. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी टिक असेल तरच ती कायमची उतरलेली आहे. त्यासाठी फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडायचं आणि खूण बदलेपर्यंत थांबायचं. हे थांबणं लोक विसरतात. हॉटेलच्या वायफायला 5 एमबीपीएस वेग असेल तर 2 जीबीचा फोल्डर उतरायला पाऊण तासाच्या वर, जवळजवळ तास लागतो. कॅब खाली उभी असताना हे करायला घेऊ नका.

गूगल ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲपही असंच वागतं. त्यात ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय आहेत. मिररमध्ये फाइल लॅपटॉपवरच उतरतात, स्ट्रीममध्ये त्या सर्व्हरवर राहतात. स्ट्रीमवर असेल तर हवा तो फोल्डर हाताने ऑफलाइनसाठी निवडावा लागतो. ब्राउझरमधल्या डॉक्स आणि शीट्ससाठी ऑफलाइन एक्स्टेन्शन लागतं, सेटिंग आधी चालू करावं लागतं आणि इन्कॉग्निटो खिडकीत ते चालत नाही. जीमेलमध्येही ऑफलाइनचं सेटिंग आहे. तिथे 7, 30 किंवा 90 दिवसांची मेल साठवता येते, 30 पुरतात. तरी महत्त्वाची अटॅचमेंट मेलच्या भरवशावर सोडू नका, वेगळी डाउनलोड करून ठेवा.

आणि लॉगिन. कंपनीची बरीच टूल उघडतानाच सर्व्हरला विचारतात. एसएमएसचा ओटीपी वर येणार नाही. ऑथेंटिकेटर ॲपचा कोड नेटवर्कशिवाय तयार होतो, पण तो जिथे टाकायचा ते पानच उघडत नाही, त्यामुळे त्याचाही उपयोग नाही. पासवर्ड मॅनेजर निघण्याआधी एकदा उघडून घ्या. कोड लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की गिटमध्ये कमिट करता येतं, पुश करता येत नाही, आणि पॅकेज किंवा डॉकरची इमेज उतरवलेली नसेल तर बिल्ड पहिल्याच पायरीला अडकतं. डॉक्युमेंटेशनसाठी विंडोज किंवा लिनक्सवर झील आणि मॅकवर डॅश ही ऑफलाइन ॲप चांगली आहेत.

हे सगळं तपासायची खात्रीची पद्धत एकच. आदल्या संध्याकाळी लॅपटॉप फ्लाइट मोडवर टाका आणि रीस्टार्ट करा. रीस्टार्ट टाळू नका, कारण उघडे टॅब आणि उघड्या फाइल मेमरीत असतात. त्या चालताना दिसतात आणि मशीन झोपून उठलं की कोऱ्या होतात. मग उद्या लागणारी प्रत्येक फाइल उघडा, एक ओळ बदला, सेव्ह करा. जी उघडत नाही ती कागदावर लिहा, शेवटी वायफाय चालू करून तेवढ्या उतरवा आणि तेवढ्यांचीच चाचणी पुन्हा घ्या. एवढ्याला वीस मिनिटं लागतात आणि दुसऱ्या दिवशीचा तास वाचतो.

‘विमानात वायफाय घे, झालं’ असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. एअर इंडियाने जानेवारी 2025 पासून देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत वायफाय सुरू केलं, पण ते ठरावीक प्रकारच्या विमानांतच आहे, आणि त्या दिवशी कुठलं विमान लागेल हे तुमच्या हातात नसतं. असलं तर मेल पाठवायला वापरा. त्याच्या जोरावर मीटिंग ठरवणं म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणं आहे. सल्ला विचारायचाच असेल तर तुमच्याच मार्गावर दर आठवड्याला जाणाऱ्याला विचारा, आणि गेल्या फेरीत विमानात नेमकं काय पूर्ण झालं हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘एक ड्राफ्ट’ असं येईल, आणि ते अगदी ठीक आहे.

काम निवडताना एकच निवडा, फार तर दोन. रिपोर्टचा कच्चा मसुदा, दुसऱ्याच्या मसुद्यावर शेरे, सादरीकरणाची रूपरेषा, लांब मेलची उत्तरं अशी कामं चांगली होतात. ज्यात दर पाच मिनिटांनी कुणाला तरी काही विचारावं लागतं किंवा मोठी शीट आडवी-उभी सरकवावी लागते, ते घरी ठेवा. इंजिनाचा आवाज सतत असतो, हवा कोरडी असते, डोळे चुरचुरतात. बारीक आकडेमोडीत चुका होतात. पैशाचे आकडे विमानात अंतिम करू नका.

सीटचं थोडं. स्वस्त दरांच्या बऱ्याच विमानांत दोन रांगांतलं अंतर 28 ते 30 इंच असतं. तिथे 15.6 इंची लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उघडत नाही. 13 किंवा 14 इंची नीट बसतो. पुढच्याने सीट मागे टाकली आणि स्क्रीनची वरची कड ट्रेच्या खाचेत अडकलेली असली तर स्क्रीन तडकते, म्हणून लॅपटॉप थोडा स्वतःकडे ओढून ठेवा. पहिल्या रांगेत पाय लांब करता येतात, पण बॅग वर ठेवावी लागते आणि चार्जरसाठीसुद्धा उठावं लागतं. उन्हाचाही विचार करा. पुण्याहून दिल्लीला सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं, म्हणून ए बाजू, म्हणजे डावी खिडकी, घ्या. बेंगळुरूला सकाळी जाताना एफ, म्हणजे उजवी. खिडकीशी बसलात तर एका बाजूने कुणी स्क्रीन वाचत नाही, दुसऱ्या बाजूसाठी प्रायव्हसी फिल्टर लावा. क्लायंटचं नाव असलेली स्लाइड उघडी ठेवून डुलकी काढू नका. त्याच विमानात त्यांचीच माणसं असतात, पुणे–बेंगळुरूला तर हमखास.

बॅटरी भरूनच चढा. सीटला सॉकेट नसेल असं धरा. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यायची. 100 वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. 20000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे 74 वॉट-अवर, तेव्हा नेहमीची पॉवर बँक बसते. तिच्यावरचा आकडा पुसलेला असेल तर मात्र सुरक्षा तपासणीत अडवू शकतात. पण ती विमानतळासाठी. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल 2025 पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर 2025 पासून विमानात तिचा वापर बंद केला आहे. आपल्याकडेही सीटवर वापरू देणार नाहीत असं धरून चला. ब्राइटनेस अर्ध्यावर आणि वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवलं की बऱ्यापैकी लॅपटॉपला दोन तास काही होत नाही.

पहाटे सहाच्या विमानासाठी तीनला उठला असाल तर झोपा. खरंच झोपा. नऊ वाजता मीटिंगमध्ये ताजं डोकं हे त्या तासाच्या ड्राफ्टपेक्षा जास्त कामाचं आहे, आणि याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

उतरल्यानंतरची एक पायरी राहते. तुम्ही वर असताना खाली कुणी तीच फाइल बदलली असेल तर जोडणी होताच दोन प्रती तयार होतात आणि चुकीची प्रत पुढे जाते. म्हणून निघण्याआधी टीमला सांगा की अमुक फाइल दुपारपर्यंत माझ्याकडे आहे. कॅबमध्ये बसलात की हॉटस्पॉट चालू करा, आणि सिंकची खूण हिरवी होईपर्यंत झाकण मिटू नका. लॅपटॉप झोपला की अपलोड तिथेच थांबतं.