माळ्यावरच्या कॅसेटमधले घरचे आवाज वाचवताना

ठाण्यात काय, वाशी-नेरूळला काय, खाडीची दमट हवा माळ्यावरच्या खोक्यापर्यंत पोचतेच. विकत घेतलेल्या गाण्यांची घाई नको, त्यातली बहुतेक आज दुसरीकडे मिळतात. आधी हात घाला तो कोऱ्या कॅसेटवर भरलेल्या आवाजांना. आजीच्या ओव्या, बारशातली गडबड, हे फक्त त्या एकाच फितीवर असतं, दुसरीकडे कुठेच नाही. ते संगणकावर उतरवायचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढा.

सर्वांत आधी कॅसेटच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लास्टिकच्या पाकळ्या मोडा. मग रेकॉर्डचं बटण चुकूनही खाली जात नाही. आता उजेडात रीळ पाहा. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट अजिबात वाजवू नका, कारण बुरशी हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. वाळलेली बुरशी मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर झाडा.

फितीमागची फेल्टची गादी गळून पडली असेल तर आवाज मध्येच बुडतो. अशा वेळी स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून दोन्ही रिळं तिच्यात बसवा. कॅसेट टेबलावर आडवी ठेवूनच उघडा, आणि फीत कोपऱ्यांतल्या रोलरवरून कशी जाते त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, चालू होतो पण चाकं फिरत नाहीत, म्हणजे बहुधा बेल्ट सैल झालाय किंवा वितळलाय. नवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोधा. जुना ताणलेला असतो, म्हणून त्याच्यापेक्षा किंचित लहान घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. ९० मिनिटांची फीत ६० वालीपेक्षा पातळ असते, तिला जपा.

खरी मेहनत पुढे आहे. भरताना वापरलेल्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असेल, तर तुमच्या डेकवर आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. हेडशेजारी स्प्रिंगवाला स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवा आणि बोलण्यातल्या ‘स’ आणि ‘च’वर कान ठेवा. ते सर्वांत लख्ख ऐकू आले की थांबा. संगणकावर नंतर कितीही ट्रेबल वाढवलं तरी ही धार परत येत नाही, म्हणून प्रत्येक घरगुती कॅसेटला हे नव्याने करा.

लॅपटॉपचं भोक बहुधा माइकचं आणि मोनो असतं. लाइन-इन, म्हणजे डेकचा आवाज थेट आत घेणारं भोक, असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. हम्म आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढा. ऑडॅसिटी या आवाज भरायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा, सर्वांत मोठा आवाज −६ डेसिबलपुढे जाऊ देऊ नका. डब्ल्यूएव्ही (WAV) फाइल करा, तिच्यात आवाज दाबला जात नाही. ९० मिनिटांना १६ बिटमध्ये साधारण ९५० एमबी लागतात. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि फाइलच्या नावात कोण बोलतंय ते लिहा.