खान्देशच्या उन्हाळ्यात टर्बो एसयूव्हीवर ट्यूनिंग बॉक्स कसा बसवावा आणि कसा वापरावा

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास जळगावात उन्हात उभ्या असलेल्या गाडीला स्कॅनर लावून इग्निशन चालू केले, तर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान 60 अंशांच्या वर दाखवलेले मी अनेकदा पाहिले आहे. गाडी पळू लागली की हा आकडा उतरतो, पण बाहेरच हवा 44-45 अंशांची असताना तो त्याच्या खाली जाणार कसा? हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारा टर्बो असलेल्या आलिशान एसयूव्हीवर ट्यूनिंग बॉक्स बसवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मालकाने सर्वांत आधी या आकड्याशी ओळख करून घ्यावी.

ट्यूनिंग बॉक्स हे इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्यामध्ये बसवायचे छोटे उपकरण असते. पेट्रोल गाडीत ते बहुधा टर्बोचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा सिग्नल अडवते. प्रत्यक्ष दाब (बाहेरच्या हवेपेक्षा) 1.2 बारने जास्त असला तरी ईसीयूला 1 बार कळवते, आणि दाब ठरल्याप्रमाणेच आहे असे समजून ईसीयू टर्बोला तसेच चालू देतो. डिझेल गाडीत हाच प्रकार कॉमन रेलमधल्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतल्या, इंधनदाबाच्या बाबतीत केला जातो. रीमॅपमध्ये मात्र ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटमधून) ईसीयूतील मूळ तक्तेच बदलले जातात. तो वेगळा विषय आहे आणि या लेखात तो घेतलेला नाही.

उत्पादक कंपनी इंजिनात काही राखीव क्षमता ठेवते. कुठे कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळेल, कुठे हवा तापलेली असेल, कुठे फिल्टर धुळीने भरलेला असेल, या सगळ्यांचा विचार करून ती ठेवलेली असते. बॉक्स हीच शिल्लक खर्च करतो, आणि आपल्याकडे तिच्यातला मोठा वाटा उन्हाळ्याने आधीच उचललेला असतो. साधा हिशेब पाहा. टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के आणि दाब 1 बार धरला, तर 25 अंशांची हवा टर्बोतून साधारण 118 अंशांनी बाहेर पडते, तर 45 अंशांची हवा सुमारे 145 अंशांनी. त्यात बॉक्सने दाब 0.2 बारने वाढवला की हाच आकडा 160 च्या घरात जातो. ही हवा थंड करण्याचे काम इंटरकूलरचे असते, पण त्यावरून वाहणारा वारादेखील 45 अंशांचाच असतो. शिवाय 45 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी विरळ असल्याने तेवढीच हवा भरण्यासाठी टर्बोला अधिक राबावे लागते.

बॉक्स विकत घेण्याआधी

कायद्याची बाजू आधी पाहावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीच्या दाखल्यातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अंगाने निर्णय दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून आपली गाडी एमएच-19 पासिंगची असो, 18 ची असो वा 39 ची, आपल्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी, आणि तिथून नकार मिळाला तर बॉक्सचा वापर बंदिस्त ट्रॅकपुरताच ठेवावा. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, कारण लपवलेला बदल अपघातानंतरच उघडकीला येतो आणि तेव्हा दावा अडतो. वॉरंटीतल्या गाडीवर बॉक्स बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॉक्स काढून सर्व्हिस सेंटरला गेले की काही कळत नाही, या भरवशावर राहू नये, कारण ईसीयूच्या नोंदींत त्याच्या खुणा मागे राहू शकतात.

दुसरा प्रश्न इंधनाचा, आणि इथे हमखास चूक होते. बॉक्समध्ये दाब किती वाढवायचा याच्या ठरलेल्या पातळ्या असतात, त्यांना मॅप म्हणतात (मॅप सेन्सरशी या नावाचा संबंध नाही). अमेरिकेतून आलेल्या बॉक्सवर 91 ऑक्टेनचा मॅप असे लिहिलेले असते आणि आपल्याकडचे साधे पेट्रोलही अनेक वर्षे 91 ऑक्टेनचे म्हणून ओळखले गेले, त्यामुळे दोन्ही एकच असा समज होतो. अमेरिकेतला आकडा रिसर्च आणि मोटर अशा दोन ऑक्टेन मोजमापांची सरासरी असतो, आपल्याकडचा आकडा मात्र फक्त रिसर्च ऑक्टेनचा असतो. तिथले 91 म्हणजे आपल्याकडचे साधारण 95, आणि तिथले 93 म्हणजे जवळपास 98. 100 ऑक्टेनचे पेट्रोल मोठ्या शहरांतल्या मोजक्याच पंपांवर मिळते, तेव्हा धुळे-नंदुरबारच्या रोजच्या वापरासाठी 98 चा मॅप निवडणे म्हणजे नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमधले इंधन आपोआप भडकून इंजिनाला ठोके बसण्याला, आमंत्रण आहे. ई-20 पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. बॉक्सने दाब वाढवल्यावर ही मागणी आणखी वाढते आणि हाय-प्रेशर पंपावर ताण येतो, हेही ध्यानात ठेवावे.

गाडीची तपासणी आणि मूळ नोंद

आधीच कुरबुर करणाऱ्या इंजिनावर बॉक्स बसवू नये. स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड पाहावेत, स्पार्क प्लग आणि कॉइल तपासून घ्याव्यात, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजच्या क्लिपा हाताने हलवून पाहाव्यात. बॉक्स बनवणाऱ्याने प्लगचा गॅप कमी करायला सांगितले असेल तर ते टाळू नये, कारण दाब वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि इंजिन मिस मारते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवरून रोज जाणे-येणे असेल, तर बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून इंटरकूलर आणि रेडिएटर जरूर पाहावा. पंखांच्या मध्ये कापसाचे तंतू आणि धूळ मिळून चक्क नमद्यासारखा थर बसतो. तो कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण जोराच्या फवाऱ्याने पंख वाकतात.

त्यानंतर बॉक्स न लावता गाडीची नोंद घ्यावी. हवेचे तापमान, मागितलेला आणि मिळालेला टर्बोदाब, प्रत्येक सिलिंडरमधील इग्निशन टायमिंगची घट (नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी किती उशिरा टाकतो ते), इंधनदाब, कूलंट, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलचे तापमान हे आकडे साठवून ठेवावेत. एक नोंद पहाटेची आणि एक भर दुपारची घ्यावी. याच नोंदींत दुपारी टायमिंग मागे जाताना दिसत असेल, तर इंजिनाने उन्हाळ्यापुढे आधीच हात टेकले आहेत असे समजावे आणि निदान उन्हाळा संपेपर्यंत बॉक्सचा विचार सोडावा. पूर्ण ॲक्सिलरेटरची चाचणी डायनोवरच, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच, करावी. महामार्ग ही त्याची जागा नव्हे.

बसवणे

इंजिन पूर्ण थंड असताना काम सुरू करावे. बोनेट उघडून गाडी लॉक करावी, चावी दूर ठेवावी आणि गाडीतले मॉड्यूल (छोटे संगणक) झोपेपर्यंत, म्हणजे आपोआप बंद होईपर्यंत, वीसेक मिनिटे थांबावे. बॅटरी सोडायची की नाही हे बॉक्सच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे. पुष्कळशा आलिशान गाड्यांत बॅटरी डिकीत असते.

सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढणे हे सगळ्यांत नाजूक काम आहे. त्याची लाल किंवा पांढरी लॉकपट्टी आधी मागे सरकवावी, मग खटका दाबून कपलर सरळ ओढावा, पण वायर धरून कधीही ओढू नये. बोनेटखालच्या उष्णतेत चार-पाच वर्षे भाजलेले हे प्लास्टिक पापडासारखे तुटते. माझ्या मेहुण्यांच्या गाडीवर बॉक्स बसवताना मेकॅनिकने लॉकपट्टी तशीच दाबली आणि ती तुटली. कपलर बसल्यासारखा दिसला म्हणून काम पुढे रेटले गेले. तिसऱ्या दिवशी एरंडोलच्या पुढे चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी लिंप मोडमध्ये गेली (बिघाड दिसताच ईसीयूने ताकद कमी केली) आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बोनेट उघडून पाहिले तेव्हा कपलर जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकला होता. तेव्हापासून मी प्रत्येक कपलर बसताना टक असा आवाज कानांनी ऐकतो आणि नंतर हलकेच ओढून पाहतो.

बॉक्सची वायर टर्बो, सायलेन्सरचा पाइप आणि फिरते पट्टे यांच्यापासून दूर न्यावी, दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधावी, आणि बॉक्स शक्यतो फायरवॉलपासून लांब, हवा लागेल अशा जागी ठेवावा. सोबत आलेला बायपास प्लग (बॉक्स वगळून सेन्सर थेट ईसीयूशी जोडणारा) गाडीतच ठेवावा. रात्री-अपरात्री बॉक्स बिघडला तर त्याच्या आधारे गाडी मूळ स्थितीत घरी आणता येते.

पहिले आठ दिवस

सुरुवात सर्वांत खालच्या मॅपपासूनच करावी. गाडी दहा मिनिटे आयडलवर ठेवून दिवे, आवाज आणि कोड पाहावेत, आणि पुढचे तीन-चार दिवस नेहमीसारखीच चालवावी. या काळात पुन्हा नोंदी घ्याव्यात, मात्र एक गोष्ट विसरू नये: बॉक्स लावल्यावर स्कॅनर टर्बोचा खरा दाब दाखवत नाही. बॉक्सने ईसीयूला जे कळवले तेच ईसीयू स्कॅनरला सांगतो. त्यामुळे स्कॅनरवर दाब वाढलाच नाही असे पाहून वरचा मॅप लावणारे लोक दुप्पट फसतात. खरा आकडा बॉक्सच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा वेगळ्या बूस्ट गेजवरच पाहावा. डिझेलच्या रेल प्रेशरलाही हेच लागू आहे. टायमिंगची घट, मिसफायर आणि तापमान हे आकडे मात्र सहसा बदललेले नसतात, म्हणून निर्णय त्यांच्यावरच घ्यावा.

खरी परीक्षा चढावर होते. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट किंवा धुळ्याजवळचा लळिंगचा चढ यासाठी पुरेसा आहे. माणसे आणि सामान भरून, एसी चालू ठेवून, वेगमर्यादेतच शांतपणे चढावे आणि सोबतच्या माणसाला आकडे पाहायला सांगावे. हवेचे तापमान 65-70 अंशांच्या वर टिकून राहिले, एकाहून अधिक सिलिंडरांत टायमिंग वारंवार मागे गेले किंवा इंधनदाब मागणीपेक्षा घसरला, तर तो मॅप आपल्या गाडीसाठी नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर ॲक्सिलरेटर लगेच सोडावा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळते, आणि त्याची किंमत बॉक्सपेक्षा पुष्कळ जास्त असते.

गिअरबॉक्सकडे मालकांचे दुर्लक्ष होते. कमी आरपीएमवर एकदम टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवणारा मॅप पिकअपला छान वाटतो, पण क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टरवर त्याचाच भार सर्वांत जास्त पडतो, म्हणून आपल्या गिअरबॉक्सची टॉर्क-मर्यादा माहीत करून घेऊन तिच्या बरेच आत राहावे. बीएस-6 डिझेल गाडी मुख्यतः गावातल्या गावात फिरत असेल तर बॉक्स लावूच नये. वाढलेल्या इंधनाने काजळी वाढते, आणि छोट्या फेऱ्यांत डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) ती जाळण्याची संधी मिळत नाही.

ऋतूप्रमाणे वापर

मी होळीपासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत बॉक्स बंद ठेवतो किंवा बायपास प्लग लावतो, पावसाळ्यात खालचा मॅप वापरतो आणि दिवाळीनंतर, पहाटे रावेर-सावद्याकडच्या केळीच्या बागांवर गारठा उतरू लागला की मधला मॅप लावतो. सर्वांत वरचा मॅप मी आजवर वापरलेला नाही. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलतो, एअर फिल्टर दर महिन्याला काढून झटकून पाहतो, आणि लांबचा चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटे आयडलवर ठेवतो, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल तिथेच करपत नाही. बॉक्स काढताना उलट क्रमाने जावे, सेन्सरचा मूळ कपलर टक आवाज येईपर्यंत बसवावा, फॉल्ट कोड पुसावेत आणि पहाटेची व दुपारची नोंद पुन्हा घेऊन ती अगदी पहिल्या नोंदीशी ताडून पाहावी.