उन्हात गाडी लावताना: सावली परतायच्या वेळची बघा

मंगेशीला किंवा जुन्या गोव्याला भाडं घेऊन गेलं की पाहुणे आत तास-दीड तास रमतात. तेवढा वेळ माझी टॅक्सी बाहेर उभी. म्हणून जागा निवडताना मी आत्ताची सावली बघत नाही, परतायच्या वेळी ती कुठे असेल ते बघतो.

एप्रिल संपता संपता गोव्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, घड्याळात साधारण साडेबाराला. तेव्हा इमारतीची सावली भिंतीच्या पायथ्याशीच संपते. अकरा वाजता भिंतीच्या पश्चिमेला गार जागा मिळाली म्हणून खूश होऊ नका, दुपारनंतर तिथेच ऊन येणार. पूर्वेच्या अंगाला लावा. आधी थोडं तापेल, पण सावली नंतर गाडीकडे सरकत येते. झाड मिळालं तर उत्तमच, फक्त माड नको. चुडत किंवा नारळ पडला तर काच गेलीच, आणि माडाची सावली ती केवढी! आंब्याचा चीक रंगाला चिकटतो, जांभळाचे डाग पडतात. वड, चिंच चालतील, वर कावळे नसले तर.

फरक किती पडतो? अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये कडक उन्हाळ्यातली मोजमापं मांडली. तासभर उन्हात राहिलेल्या गाड्यांत हवा सरासरी ४७ अंश, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ च्या आसपास. काचेतून ऊन आत येतं, सीट-डॅशबोर्ड तापवतं आणि त्यांची उष्णता काच सहज बाहेर सोडत नाही. खिडकी दोन बोटं उघडी ठेवून फारसं काही होत नाही. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, त्याने निदान स्टिअरिंग धरता येतं. काळी फिल्म लावायचा मोह होतो, पण नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा.

परत आल्यावर लगेच आत बसून एसी फुल करू नका. डावीकडची पुढची काच पूर्ण खाली करा आणि चालकाचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करा. गरम हवा पलीकडून निघून जाते. मग सगळ्या काचा खाली ठेवून एसी सुरू करा, थोडं अंतर जाऊ द्या, नंतर काचा वर आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. बेल्टचं लोखंडी बक्कल उघड्या पायाला लागू देऊ नका. हाफ पँटवाल्या पाहुण्यांना मी आधीच सांगतो.

पॉवर बँक, लायटर, डिओचा डबा, इन्सुलिन गाडीत राहू नये. म्हापशाच्या बाजारातले बांगडे तर नाहीच.

मूल किंवा कुत्रा पाच मिनिटांसाठीही आत ठेवायचा नाही, झाडाखाली असला तरी. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं, आणि पहिल्या अर्ध्या तासातच गाडी सर्वात झपाट्याने गरम होते. बंद गाडीत मूल मलूल दिसलं तर ११२ ला फोन करा, आसपास हाका मारा. मालक मिळत नसेल तर काच फोडा, पण पुढची नव्हे. मुलापासून लांबची, बाजूची काच घ्या आणि मध्यावर नको, कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारा.