मुंबईजवळ बिऱ्हाड हलवताय? घर पाहताना या चुका टाळा

एका रविवारी सकाळी अकरा वाजता मी बदलापुरात भाड्याचे घर पाहिले आणि दुपारी दोनला टोकनची रक्कम देऊन मोकळा झालो. घर हवेशीर होते, भाडे आवाक्यात होते आणि खिडकीतून डोंगर दिसत होता. "साहेब, घाटकोपर फक्त एक तास," असे एजंटने सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. माझे कार्यालय अंधेरी पूर्वेला मरोळ नाक्याजवळ होते. पहिल्याच सोमवारी, घराला कुलूप लावल्यापासून कार्यालयातल्या खुर्चीवर बसेपर्यंत, मला एक तास पन्नास मिनिटे लागली.

माझी मूळ चूक बदलापूर निवडण्याची नव्हती. ज्या दिवशी आणि ज्या वेळी मी तिथे राहणारच नव्हतो, त्या दिवशी आणि त्या वेळी मी घर पाहिले, ही ती चूक होती. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक याच एका चुकीतून निघतात.

लोकलची वेळ म्हणजे प्रवासाची वेळ नव्हे

वेळापत्रकातला एक तास हा एका फलाटापासून दुसऱ्या फलाटापर्यंतचा असतो. त्यात शेअर रिक्षाची रांग, पूल चढणे-उतरणे, गर्दीमुळे सोडून दिलेली पहिली लोकल आणि घाटकोपरला रेल्वेच्या पुलावरून मेट्रोच्या तपासणीपर्यंत सरकणारी माणसांची रांग यांचा हिशेब नसतो. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो 2014 मध्ये सुरू झाल्यापासून मध्य रेल्वेवरच्या लोकांना अंधेरी खूपच सोयीची झाली आहे, याबद्दल शंका नाही. मात्र मेट्रोतल्या आठ-दहा मिनिटांच्या प्रवासासाठी संध्याकाळी तेवढाच वेळ रांगेत जाऊ शकतो. म्हणून टोकन देण्यापूर्वी एकदा तरी, शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी, नेहमीच्या वेळेला त्या घरापासून कार्यालयापर्यंत आणि परत असा पूर्ण प्रवास स्वतः करून पाहावा. एक रजा खर्ची पडते, पण अकरा महिन्यांचा पश्चात्ताप वाचतो.

नकाशावरचे अंतरही असेच फसवते. डोंबिवली आणि ऐरोली नकाशावर शेजारी वाटतात, परंतु मध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर असल्यामुळे लोकलने जाणाऱ्याला आधी ठाण्याला यावे लागते, फलाट बदलावा लागतो आणि तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडावी लागते. ज्याला ऐरोलीत नोकरी आहे त्याने डोंबिवलीऐवजी ठाणे किंवा सरळ नवी मुंबईचा विचार केलेला बरा, कारण गाडी बदलण्याचा त्रास अंतराच्या त्रासापेक्षा लवकर कंटाळा आणतो.

बाहेरून येणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. आपल्या स्टेशनवरून गाडी सुटते की भरून येते, हे अंतराइतकेच महत्त्वाचे असते. बदलापूर, कल्याण आणि ठाणे येथून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यामुळे थोडे लवकर पोहोचणाऱ्याला बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. डोंबिवली मुंबईला त्यांच्यापेक्षा जवळ असली (ठाणे सोडून), तरी सकाळी तिथे थांबणाऱ्या बहुतेक फास्ट गाड्या कल्याणच्या पलीकडूनच तुडुंब भरून येतात. दारात उभे राहणे हा गमतीचा विषय नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. लहान मूल घेऊन, गरोदरपणात किंवा गुडघ्यांचे दुखणे असताना रोज प्रवास करायचा असेल, तर वीस मिनिटे जास्त लागणारी पण बसून जाता येणारी जागा मी केव्हाही पसंत करीन.

भाड्यातली बचत तासांनी भागून पाहा

समजा, ठाण्यापेक्षा बदलापूरचे घर महिना 8,000 रुपयांनी स्वस्त आहे. रिक्षा आणि पासाचा जादा खर्च 2,000 धरला, तर हाती 6,000 उरतात. ठाण्याहून तेच कार्यालय तासाभरावर असेल, तर एका बाजूला पन्नास मिनिटे म्हणजे दिवसाला शंभर मिनिटे जास्त जातात आणि महिन्याच्या 24 दिवसांत ते चाळीस तास होतात. याचा अर्थ आपण आपला एक तास दीडशे रुपयांना विकत आहोत. हा भाव परवडतो की नाही, हे प्रत्येकाने आपले ठरवावे. आठवड्यातून दोनच दिवस कार्यालयात जावे लागत असेल तर गणित पार उलटते. जादा प्रवास महिन्याला पंधरा तासांवर येतो, त्यावरचा खर्चही हजारापर्यंत उतरतो आणि तोच तास साडेचारशेच्या वर जातो. अशा माणसाने ठाण्याचे भाडे भरण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

या हिशेबात न मावणाऱ्या गोष्टीही असतात. नाटकांची आवड असलेल्या माझ्या एका मित्राने ठाणे सोडले नाही, कारण गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहातला रात्रीचा प्रयोग सुटल्यावर शेवटच्या लोकलची चिंता त्याला नको होती.

पाणी

घर पाहताना बहुतेक जण नळ उघडून पाहतात आणि पाणी आले की समाधानी होतात. इमारतीच्या टाकीतले पाणी दिवसभर येतेच. विचारायचे असते ते टाकीत पाणी कुठून आणि किती वेळ येते याबद्दल. हा प्रश्न एजंटला विचारू नये. मी दुसरे घर पाहायला गेलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू आपणहून म्हणाल्या, "मे महिन्यात टँकर लागतो हो, त्याची वर्गणी वेगळी, तेवढं आधी विचारून घ्या." भाडेकराराच्या मसुद्यात त्या वर्गणीचा उल्लेख नव्हता. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांतही उन्हाळ्यात टँकर येतात, म्हणून इमारतीची उंची किंवा प्रवेशद्वाराचा थाट पाहून पाण्याचा अंदाज बांधू नये.

पावसाळ्याच्या पाण्याची चौकशी वेगळी करावी लागते. उल्हास नदीकाठच्या बदलापूरच्या वसाहतींत 2005 आणि 2019 मध्ये पाणी शिरले होते आणि जुलै 2019 मध्येच बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली होती. तळमजल्याचे घर असेल तर जिन्याखालच्या भिंतीवर, विजेच्या मीटरच्या पेट्यांपाशी ओलीचा पट्टा दिसतो का ते पाहावे. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांना दिलेला असेल, तर कारण विचारावे.

येणार असलेली मेट्रो आणि कागदपत्रे

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर जाणाऱ्या मेट्रो 4 चे काम 2018 मध्ये सुरू झाले आणि तेव्हा जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागली तरी काम चालूच होते. जो मार्ग आज चालू आहे तेवढ्यावरच आजचे भाडे ठरवावे.

विकत घेणाऱ्यांनी केवळ महारेरा क्रमांकावर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडच्या नोंदणीवर, विसंबू नये. डोंबिवली परिसरात बनावट परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला. महापालिकेने दिलेली बांधकाम परवानगी महापालिकेतूनच पडताळून घ्यावी. भाडेकरूंसाठी काम सोपे आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करारात 'लॉक-इन'चा, म्हणजे घर सोडता न येण्याचा, कालावधी किती लिहिला आहे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. मी वाचले नव्हते.

निर्णय आधीच चुकला असेल तर

माझा लॉक-इन सहा महिन्यांचा निघाला. त्या काळात मी कार्यालयाची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेतली, कर्जतहून भरून येणारी गाडी सोडून बदलापूरहूनच सुटणारी लोकल धरली आणि रिक्षाच्या रांगेऐवजी स्टेशनपर्यंत सायकल नेऊ लागलो. प्रवास दीड तासावर आला आणि घाटकोपरपर्यंत बसायला मिळू लागले. लॉक-इन संपल्यावर घरमालकांना महिन्याची लेखी सूचना दिली आणि पुढचे घर पाहायला जुलैच्या एका मंगळवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, छत्री घेऊन गेलो.