उकल आहे का आणि एकच आहे का, हे आधी कसे तपासावे

अवकल समीकरण दिसले की चल वेगळे करून थेट समाकलनाला लागण्याची सवय आपल्याला परीक्षांनी लावलेली असते. परंतु य′ = फ(क्ष, य) या समीकरणासोबत एखाद्या बिंदूतील य चे मूल्य दिलेले असेल, तर उकल शोधण्यापूर्वी त्या बिंदूच्या आसपास फ हे फलन कसे वागते ते पाहावे.

प्रथम सांतत्य पाहावे. दिलेला बिंदू ज्याच्या आत आहे अशा एखाद्या आयतात फ सतत असेल, तर त्या बिंदूतून जाणारी निदान एक उकल असतेच. हा पेआनो यांचा निष्कर्ष. ती एकच आहे की नाही, याबद्दल मात्र सांतत्य काहीच सांगत नाही.

त्यासाठी लिपशिट्झ अट तपासावी: क्ष तोच ठेवून य ची कोणतीही दोन मूल्ये घेतली, तर फ मधील फरकाचे य मधील फरकाशी असलेले गुणोत्तर एका ठरावीक संख्येपलीकडे जाता कामा नये. प्रत्यक्षात फ चा य-सापेक्ष आंशिक अवकलज त्या आयतात सतत आहे एवढे दाखवले तरी पुरते, आणि मग पिकार (१८९०) व लिंडेलॉफ (१८९४) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयानुसार उकल एकमेव ठरते.

अट मोडली की काय होते, ते तळाला भोक असलेल्या टाकीत स्वच्छ दिसते. टोरिचेल्ली यांच्या नियमानुसार पाण्याची उंची उ′ = −स√उ या समीकरणाने घटते, आणि येथे स धन स्थिरांक आहे. शून्य उंचीशी तुलना केल्यास वरील गुणोत्तर स/√उ इतके येते; स = १ धरल्यास उ = ०.०००१ असताना ते १०० होते, उ = ०.०००००००१ असताना १०,०००, म्हणजे त्याला मर्यादाच नाही. आता ट = ० या क्षणी टाकी रिकामी आहे एवढेच ठाऊक असेल, तर ती आधीपासूनच रिकामी असेल किंवा त्यापूर्वीच्या कोणत्याही क्षणी, समजा ट = ब ला, रिकामी झाली असेल: ट = ब पर्यंत उ = (स²/४)(ब − ट)² आणि त्यानंतर शून्य. या सर्व उकली समीकरण पाळतात, आणि रिकाम्या टाकीकडे पाहून तिचा भूतकाळ सांगता येत नाही ही गोष्ट गणितातही तशीच उतरते.

मात्र अट मोडली म्हणजे उकली अनेक असतीलच, असे लिहू नये. य′ = १ + √|य|, य(०) = ० येथे अट मोडते, तरीही उजवी बाजू सतत असून कधीच १ पेक्षा कमी होत नसल्यामुळे चल वेगळे करता येतात आणि उकल एकच मिळते.

शेवटी अंतराल ठरवावे. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच पायरीकडे होते. आयत बिंदूपासून क्ष-दिशेने अ आणि य-दिशेने ब इतका दोन्हीकडे पसरलेला असेल व त्यात |फ| चे महत्तम मूल्य म असेल, तर अ आणि ब/म यांपैकी लहान अंतरापर्यंतच प्रमेय हमी देते. य′ = य², य(०) = १ यासाठी म = (१ + ब)² येते, आणि ब/(१ + ब)² चे महत्तम मूल्य ब = १ असताना १/४ इतके असते. प्रत्यक्ष उकल य = १/(१ − क्ष) उजवीकडे क्ष = १ च्या अलीकडेपर्यंत पोहोचते, पण फ सर्वत्र कितीही गुळगुळीत असले तरी ती त्यापलीकडे नेता येत नाही; म्हणून उत्तरासोबत क्ष < १ हे अंतरालही लिहावे.